इंग्रजीतला 'डेड': ठप्प, अगदी, हसून लोटपोट आणि खरोखर मेलेला

प्रश्न थोडक्यात असा आहे. मालिकेतली एक मुलगी मैत्रिणीला मेसेज करते, 'आय ॲम डेड'. मँचेस्टरचा सहकारी सांगतो की काम 'डेड ईझी' आहे. कंपनीच्या मेलमध्ये येतं की तो प्रस्ताव आता 'डेड इन द वॉटर' आहे. तिन्हीकडे कुणी मेलेलं नाही, मग 'डेड'चा अर्थ लावायचा कसा? आणि कुणाच्या खऱ्या निधनाबद्दल इंग्रजीत लिहिताना हा शब्द चालतो का?

मी इंग्रजी मालिका-चित्रपटांची मराठी सबटायटल्स करते, त्यामुळे हा शब्द सतत समोर येतो. मोठ्या शब्दकोशात त्याच्या अर्थांनी रकानेच्या रकाने भरलेले असतात, पण ते पाठ करून फारसा उपयोग होत नाही. दोनच गोष्टी बघायची सवय लावून घ्या: 'डेड' वाक्यात कुठे बसलाय आणि बोलणारा कोण आहे. बहुतेक वेळा एवढ्यावर उलगडा होतो.

मुळाशी कल्पना साधी आहे. मेलेलं शरीर हलत नाही, ऐकत नाही, उत्तर देत नाही. म्हणून जे थांबलं, ज्याच्याकडून प्रतिसाद येईना, ते सगळं 'डेड'. दुसरं म्हणजे मरणात कमी-जास्त नसतं. माणूस थोडासा मेला असं होत नाही. मेला म्हणजे पूर्ण मेला. त्यातून 'पूर्णपणे', 'अगदी', 'तंतोतंत' हा अर्थ निघाला. इंग्रजीतले 'डेड'चे बहुतेक प्रयोग या दोन वाटांपैकी एका वाटेने आलेले आहेत. हसण्याचा अर्थ तेवढा वेगळा; त्याच्याकडे नंतर येते.

आधी थांबण्याची वाट. फोन डेड, बॅटरी डेड हे आपण मराठीतही सर्रास म्हणतो. गल्ली पुढे बंद असेल तर 'डेड एंड'. न विकता पडून राहिलेला माल 'डेड स्टॉक'. रेडिओवर चुकून शांतता पसरली तर 'डेड एअर'. पत्ता न लागणारं पत्र 'डेड लेटर', आणि जो कायदा पुस्तकात आहे पण कुणी अमलात आणत नाही तोही 'डेड लेटर'. कॉम्प्युटरच्या कीबोर्डवर काही भाषांसाठी 'डेड की' असते. जुन्या टाइपरायटरवर ती दाबली की अक्षराच्या डोक्यावर येणारी उच्चाराची खूण उमटायची, पण कागद पुढे सरकायचा नाही. मग त्याच जागी अक्षर टाइप केलं की ते खुणेसकट उमटायचं. सरकत नाही म्हणून डेड. जिममधल्या 'डेडलिफ्ट'मध्येही तोच अर्थ आहे: जमिनीवर निश्चल पडलेलं वजन, कुठलाही झोका न देता उचलायचं. जहाजाचं इंजिन बंद पडलं आणि ते पाण्यात नुसतं तरंगत राहिलं की ते 'डेड इन द वॉटर'. मेलमधला तुमचा प्रस्ताव तसाच आहे. कुणी तो अधिकृतपणे फेटाळलेला असेलच असं नाही, पण त्याला पुढे नेणारं कुणी उरलेलं नाही. मराठीत मी तिथे 'बारगळला' लिहीन.

क्रिकेट बघणाऱ्यांना यातलं बरंच आधीपासून माहीत असतं. 'डेड बॉल' म्हणजे ज्या क्षणापासून त्या चेंडूवर धाव मिळत नाही आणि विकेटही जात नाही. मालिकेचा निकाल लागल्यावर उरलेला सामना 'डेड रबर'. हा शब्द टेनिसच्या डेव्हिस कपमधून फिरत फिरत इथे आला. उसळी घेणारा चेंडू हात सैल सोडून पायाशीच पाडायचा, ती 'डेड बॅट'. पत्रकारांच्या अडचणीच्या प्रश्नाला नेत्याने असंच निर्जीव उत्तर दिलं तरी इंग्रजी बातमीत 'डेड बॅट' येतं, आणि तिथे क्रिकेट शोधत बसलं की अर्थ निसटतो.

या वाटेवरचा एक अर्थ मात्र जिवाशी संबंधित आहे आणि तिथे ढिलाई चालत नाही. विजेच्या कामात तार 'लाइव्ह' असते किंवा 'डेड'. डेड म्हणजे तिच्यात विद्युतदाब नाही. इंग्रजी सुरक्षा-सूचनांमध्ये 'प्रूव्ह डेड' असा आदेश असतो. त्याचा अर्थ नुसतं बटण बंद करणं असा नाही. आधी टेस्टर अशा ठिकाणी लावून बघायचा जिथे वीज नक्की आहे, म्हणजे टेस्टर चालू आहे हे कळतं. मग ज्या तारेवर काम करायचं ती तपासायची. आणि शेवटी टेस्टर पुन्हा त्या चालू ठिकाणी लावायचा, कारण मधल्या वेळात तोच बिघडला असेल तर 'वीज नाही' हा निकाल खोटा ठरतो. अशा पुस्तिकेचं भाषांतर करताना 'प्रूव्ह डेड'चं 'तार मृत आहे हे सिद्ध करा' केलं तर वाचणाऱ्या कामगाराला काहीच बोध होत नाही. 'तारेत वीज नाही याची तपासून खात्री करा' असं सरळ लिहावं आणि त्याखाली तिन्ही पायऱ्या द्याव्यात.

आता दुसरी वाट, 'अगदी'ची. इथे ओळखायची खूण म्हणजे जागा. 'डेड' दुसऱ्या विशेषणाच्या किंवा क्रियाविशेषणाच्या लगेच आधी बसला असेल, तर तो मरणाबद्दल काही सांगत नाही; पुढच्या शब्दाला जोर देतो. 'डेड टायर्ड', 'डेड राँग', 'डेड सीरियस', 'डेड स्ट्रेट', 'डेड ऑन टाइम', 'डेड अहेड'. हा प्रयोग चारशे वर्षांहून जुना आहे, तेव्हा याला हल्लीच्या पोरांचं इंग्रजी समजू नका. जहाजावर कप्तान इंजिनखोलीला जे हुकूम देतो, त्यात 'डेड स्लो' हा एक रीतसर हुकूम आहे: कमीत कमी वेग.

फरक पडतो तो प्रदेशाचा. 'डेड राँग' किंवा 'डेड सीरियस' लंडनमध्ये, न्यूयॉर्कमध्ये, सिडनीत, सगळीकडे चालतं. पण 'डेड गुड', 'डेड नाइस', 'डेड फनी' हे ब्रिटिश बोलणं, त्यातही उत्तर इंग्लंडचं, मँचेस्टर-लिव्हरपूलकडचं. तिथे तो शब्द 'खूप'इतकाच साधा आहे, त्यात काळी छटा अजिबात नाही. अमेरिकन माणसाच्या तोंडी 'डेड गुड' घातलं तर ते कानाला खटकतं. उत्तर आयर्लंडमध्ये 'डेड ऑन' म्हणजे 'ठीक आहे, छान'; चांगल्या माणसालाही 'डेड ऑन' म्हणतात. बाकी इंग्रजीत मात्र 'डेड ऑन' म्हणजे 'अचूक'. ऑस्ट्रेलियात 'डेड सेट' हा आख्खा उद्गार आहे, 'खरंच सांगतो' किंवा 'काय सांगतोस, खरंच?' अशा अर्थाचा. न्यूयॉर्कच्या तरुणांचं 'डेडॲस' जवळजवळ तेच काम करतं, फक्त तो शब्द शिवराळ आहे, मुलाखतीत किंवा वरिष्ठांसमोर वापरायचा नाही. आणि भावंड शब्द 'डेडली' बघा. प्रमाण इंग्रजीत तो 'प्राणघातक', पण आयर्लंडमध्ये आणि ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी समाजांच्या इंग्रजीत 'डेडली' म्हणजे 'झकास'. आदिवासी कलावंत आणि खेळाडूंसाठी तिथे बरीच वर्षं पुरस्कार दिले जात, त्यांचं नावच 'द डेडलीज' होतं.

मराठीत आणताना इथे मोह होतो तो 'मरणाचा' या शब्दाचा. 'मरणाचा थकलोय', 'मरणाची गर्दी', 'मरणाचा उकाडा' हे आपलं नेहमीचं बोलणं आहे आणि 'डेड टायर्ड'ला ते चपखल बसतं. पण आपला 'मरणाचा' त्रासदायक गोष्टींनाच चिकटतो. 'मरणाचं सोपं' असं कुणी म्हणत नाही. म्हणून 'डेड ईझी'ला 'एकदम सोपं', 'डेड स्ट्रेट'ला 'सरळसोट', 'डेड ऑन टाइम'ला 'अगदी वेळेवर'. शब्द सुटला तरी चालेल, जोर सुटता कामा नये.

आता हसणं. 'आय ॲम डेड' म्हणजे 'हसून हसून मेले'. कधी हसण्याऐवजी लाज असते, कधी आश्चर्य; एकूणात 'आता सहन होत नाही, मी संपले'. या प्रयोगाची जडणघडण मुख्यतः आफ्रिकन-अमेरिकन बोलीत झाली, तिथून तो इंटरनेटवर आला आणि जगभर गेला. कवटीचं इमोजी त्याच अर्थाने येतं. २०१० साली ते युनिकोडमध्ये आलं तेव्हा धोका, विष, भूत असे अर्थ डोळ्यांसमोर असणार. आज विशीतली मुलं विनोदाखाली तीच कवटी टाकतात आणि रडून हसणारा चेहरा त्यांना म्हाताऱ्यांचा वाटतो. मुलाच्या मेसेजात कवट्या दिसल्या म्हणून घाबरून जाणाऱ्या पालकांना मी हे आवर्जून सांगते. पण वरचा मेसेजही वाचा. वर विनोद असेल तर ते हसू आहे. वर काही नसताना, दिवसेंदिवस गप्प झालेल्या मुलाने 'आय वॉन्ट टु बी डेड' लिहिलं, तर ती बोलीभाषा म्हणून सोडून देऊ नका. त्याच्याजवळ बसा, थेट विचारा. 'आय ॲम डेड' आणि 'आय वॉन्ट टु बी डेड' यांच्यात फार मोठं अंतर आहे. याच्या जोडीने 'अनअलाइव्ह' हा शब्दही लक्षात ठेवा. व्हिडिओ अ‍ॅपवर मृत्यू-आत्महत्येचे शब्द आले की पोस्ट दाबली जाईल या भीतीने मुलांनी तो रूढ केला. तो ऐकायला खेळकर वाटतो, पण त्यामागचा विषय बहुतेक वेळा खरा असतो.

रंगमंचावरच्या विनोदवीरांची भाषा इथे फार गोंधळ करते. कार्यक्रम रंगला तर कलाकार म्हणतो 'आय किल्ड', म्हणजे मी प्रेक्षकांना मारलं. 'नॉक देम डेड' या शुभेच्छेचाही अर्थ तोच, 'मैदान मार'. कार्यक्रम पडला तर तो म्हणतो 'आय डाइड आउट देअर'. म्हणजे प्रेक्षकाने 'आय डाइड' म्हटलं तर तो पोट धरून हसला, आणि कलाकाराने तेच म्हटलं तर कुणीच हसलं नाही. शब्द तेच, अर्थ उलटे, आणि फरक फक्त बोलणारा कोण एवढाच.

एक उदाहरण जवळून बघू. समजा दृश्य असं आहे: दोघी बहिणी, धाकटी सांगते की भर सभेत माइक चालू राहिला आणि तिचं बोलणं सगळ्यांनी ऐकलं. थोरली म्हणते, 'स्टॉप. आय ॲम डेड.' धाकटी म्हणते, 'नो, आय ॲम डेड. मॉम इज गोइंग टु किल मी.' पहिलं 'डेड' हसण्याचं, दुसरं भीतीचं. पडद्यावर दोन ओळी आणि दोन-तीन सेकंद मिळतात. दोन्हीकडे 'मेले' ठेवलं तर गंमत टिकते, पण अर्थ वेगळे कळायला हवेत. मी असं लिहीन: 'बस गं, मेले हसून.' 'मेले तर मी. आई जीव घेईल माझा.' इथे मराठीचं नशीब चांगलं, कारण आपल्याकडेही हसून मरतात आणि आईच्या धाकानेही मरतात. शब्दाचा क्रम बदलला आणि 'तर' घातला की काम झालं. 'स्टॉप'चं 'थांब' केलं नाही, कारण ती थांबवत नाहीये, आणखी ऐकायचंय तिला.

छोट्या शब्दांवरही नजर ठेवा. 'ही इज डेड टु मी' म्हणजे 'माझ्यासाठी तो मेला', संबंध संपला. 'ही इज डेड टु द वर्ल्ड' म्हणजे तो गाढ झोपलाय. 'टु'पुढे कोण आलं त्यावर सगळं अवलंबून. 'वुडन्ट बी सीन डेड इन दॅट शर्ट' म्हणजे 'मेलो तरी तो शर्ट घालणार नाही', हे आपल्यासारखंच. 'ओव्हर माय डेड बॉडी'साठी मात्र मराठी उलटी बाजू धरते: 'मी जिवंत असेपर्यंत हे होणार नाही'. आणि 'ड्रॉप डेड' नुसतं आलं तर ती शिवी, 'मर जा'. 'ड्रॉप-डेड गॉर्जस' आलं तर 'बघताच भान हरपेल अशी'. 'ड्रॉप-डेड डेट' आली तर 'त्यानंतर एकही दिवस मिळणार नाही' अशी अंतिम तारीख. ३० ऑक्टोबर १९७५ रोजी न्यूयॉर्कच्या डेली न्यूजने पहिल्या पानावर मथळा दिला होता: 'फोर्ड टु सिटी: ड्रॉप डेड'. दिवाळखोरीच्या उंबरठ्यावरच्या शहराला केंद्राची मदत द्यायला अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी नकार दिला होता. ते दोन शब्द त्यांनी उच्चारले नव्हते, तो सगळा मथळा लिहिणाऱ्याचा आघात होता, पण तो फोर्ड यांना कायमचा चिकटला.

तारखेवरून 'डेडलाइन'. रोज वापरला जाणारा हा शब्द कुठून आला हे माहीत असावं असं मला वाटतं. अमेरिकेच्या यादवी युद्धात जॉर्जिया राज्यात अँडरसनव्हिल इथे युद्धकैद्यांची छावणी होती. उंच लाकडी कुंपणाच्या आत, सुमारे १९ फुटांवर, एक हलकासा कठडा घातलेला होता. तो ओलांडणाऱ्या कैद्याला वरचे पहारेकरी इशारा न देता गोळी घालत. त्या रेषेला 'डेडलाइन' म्हणत. १८६४ ते १८६५ या काळात तिथे सुमारे ४५,००० कैदी येऊन गेले आणि त्यांतले जवळपास १३,००० मेले, बहुतेक रोगराईने आणि उपासमारीने. छावणीचा प्रमुख हेन्री वर्झ याच्यावर युद्धानंतर खटला चालला आणि नोव्हेंबर १८६५मध्ये त्याला फाशी झाली. पुढे छपाईत, ज्या रेषेबाहेर मजकूर नीट उमटत नाही तिला हे नाव मिळालं आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकन वृत्तपत्रांत ते मजकूर देण्याच्या शेवटच्या वेळेला लागलं.

याउलट काही शब्दांच्या खोट्या कहाण्या फिरतात. 'डेड रिंगर', म्हणजे हुबेहूब दिसणारा, हा शब्द, चुकून जिवंत पुरलेल्याला वाजवता यावी म्हणून थडग्यात घंटेची दोरी बांधण्यावरून आला असं सांगितलं जातं. तसं काही नाही. शर्यतीत चोरून बदली उतरवलेल्या घोड्याला अमेरिकेत 'रिंगर' म्हणत; 'डेड' तिथे 'अगदी' या अर्थाने आला.

काही शब्द धंद्यागणिक रंग बदलतात, त्यात 'डेडहेड' सगळ्यात फसवा. माळीकामात ते क्रियापद आहे, सुकलेली फुलं खुडणं. विमान कंपनीत, कर्मचाऱ्याने ड्युटीच्या ठिकाणी पोहोचायला प्रवासी म्हणून उडणं. ट्रकवाल्यांकडे, रिकामी गाडी घेऊन परतणं. 'डेडबीट'चंही तसंच: रोजच्या बोलण्यात बिनकामाचा, देणी बुडवणारा, 'डेडबीट डॅड' म्हणजे मुलांचा खर्च न देणारा बाप. क्रेडिट कार्डवाल्यांच्या आपसातल्या भाषेत मात्र दर महिन्याला सगळं बिल चुकतं करणारा तो 'डेडबीट', कारण त्याच्याकडून व्याज मिळत नाही. 'डेड प्रेसिडेंट्स' म्हणजे अमेरिकन नोटा. खरं तर शंभराच्या नोटेवरचे फ्रँकलिन आणि दहाच्या नोटेवरचे हॅमिल्टन कधी अध्यक्ष नव्हतेच. 'डेडनेम' हा अलीकडचा शब्द: ट्रान्स व्यक्तीने सोडून दिलेलं जुनं नाव. ते नाव मुद्दाम घेणं हा त्या व्यक्तीला अपमान वाटतो, म्हणून भाषांतरात 'जुनं नाव' एवढं सौम्य करून भागत नाही. 'जे नाव मी टाकून दिलंय' असा त्यातला निर्धार यायला हवा.

राहिला खरा मृत्यू. व्याकरण आधी: 'डेड' विशेषण, 'डाइड' क्रियापद. 'ही इज डाइड' चूक. 'ही डाइड टू इयर्स अगो' किंवा 'ही हॅज बीन डेड फॉर टू इयर्स', दोन्ही बरोबर, पण सूर वेगळा. पहिलं वाक्य घटना सांगतं, दुसरं कोरडी अवस्था. म्हणून सांत्वनाच्या पत्रात 'युअर फादर इज डेड' लिहू नका. 'आय वॉज सो सॉरी टु हिअर दॅट युअर फादर डाइड' हे साधं आणि पुरेसं आहे. 'पास्ड अवे'ही चालतं. आपल्याकडचा लाडका 'एक्सपायर्ड' मात्र ब्रिटन-अमेरिकेत पाठवू नये, तिथे पासपोर्ट आणि दूध एक्सपायर होतं. गंमत म्हणजे डॉक्टरांना याच्या उलट शिकवलं जातं: नातेवाइकांना बातमी देताना 'डाइड' किंवा 'डेड' हा शब्द स्पष्ट उच्चारा. 'वुई लॉस्ट हिम', 'ही हॅज गॉन' असं म्हटलं तर धक्क्यातल्या माणसाला कळत नाही आणि तो विचारतो, कुठे गेला? हॉस्पिटलच्या दृश्यात डॉक्टर 'डाइड' म्हणतो तेव्हा तो निष्ठुर नसतो, शिकवल्याप्रमाणे नीट वागत असतो.

मराठीत हीच ओळ आणताना आणखी एक निर्णय घ्यावा लागतो, जो इंग्रजीत करावाच लागत नाही. 'ही इज डेड' हे गुंड, पोलीस, डॉक्टर आणि मुलगी, चौघंही म्हणू शकतात. गुंडाच्या तोंडी 'मेला'. पोलिसाच्या वायरलेसवर 'मृत आहे'. डॉक्टरच्या तोंडी 'त्यांचा मृत्यू झालाय', स्पष्ट, पण आदरार्थी. मुलगी फोनवर भावाला सांगते तेव्हा 'बाबा गेले रे'. तिथे 'गेले' अस्पष्ट ठरत नाही, कारण मराठीत घरच्या माणसाच्या तोंडून ते ऐकलं की दुसरा अर्थ मनातच येत नाही.